आधी काय उतरणार?

गाडी लागली की ते ट्रकच्या मागच्या फाळक्यावर बोटांनी दोनदा टकटक करायचे, कुणाच्या घरात शिरण्याआधी दार वाजवावं तसं. मग विचारायचे, "आधी काय उतरणार?"

माल किती आहे, हा प्रश्न आम्हा ऑफिसवाल्यांचा. त्यांचा प्रश्न हा एवढाच. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल, ज्याचं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि ज्याची नक्कल चहाच्या सुट्टीत हटकून होते. आमच्याकडे ते हे मुकादम. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मी डिस्पॅचला लागले. बदलापुरात पालिकेच्या शाळेत शिकलेली मी, आमच्या घरातली पहिली पदवीधर. काका हमालांचे प्रमुख. गाडीत कुठला माल कुठे बसणार ते त्यांनी ठरवायचं. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले, "बी.कॉम. ना मॅडम? बरं झालं. इथं बेरीज सगळ्यांना येते, भागाकार कुणाला येत नाही."

त्याचा अर्थ मला काट्यावर कळला. काटा म्हणजे गाडीचं वजन करायची जागा. एक दहाचाकी भरून उभी होती. एकूण वजन मर्यादेत बसलं म्हणून मी खूश. काकांनी ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला लावली आणि फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवायला सांगितली. मागे रांगेत हॉर्न सुरू झाले.

"चाचा, टोटल पास है ना!" ड्रायव्हर वैतागला.

"टोटल पास, पण गणितात उडालेल्या पोराला दहावी पास म्हणतात का रे?"

पुढच्या ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या चाकांच्या आसावर, वजन जास्त भरलं. केबिनला खेटून लावलेले ड्रम पुन्हा मागे सरकवावे लागले. हमालांनी काकांना मनसोक्त नावं ठेवली, त्यांच्या तोंडावरच. काका हसत होते. त्यांच्या तोंडी मी 'मॅडम'ची 'पोरी' त्याच सुमारास झाले.

कायदा अख्ख्या गाडीला एक आकडा देतो आणि प्रत्येक ॲक्सलला वेगळा देतो. मी नियम वाचून दाखवायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा अडलो. एकट्या ॲक्सलला जितकं वजन चालतं, त्याच्या दुपटीपेक्षा जवळजवळच्या जोडीला कमी का? मला वाटलं, छपाईची चूक. काका माझ्या टेबलाजवळ आले, दोन्ही तळवे लांब लांब ठेवून टेबलावर दाबले. मग दोन्ही तळवे जवळ आणून त्याच फळीवर दाबले. फळी कुरकुरली. "रस्त्याला विचार," म्हणाले. "दोघं एकाच जागी टेकले की खालच्याला किती लागतं ते." पुढे मर्यादा वाढवल्याचं मी त्यांना उत्साहाने सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. "कागदावर वाढली. आमच्या गावाच्या वाटेवरची ओढ्यावरची मोरी तीच आहे ना?"

पण त्यांचा खरा जीव त्या एका प्रश्नात होता. मागच्या चाकांच्याही मागे, फाळक्याला टेकून जो माल असतो, तो गाडीचं तोंड थोडं उचलून धरतो. उल्हासनगरला तो उतरवला की गाडी हलकी होते, पण पुढची चाकं जड होतात. अंबरनाथहून नियमात निघालेली गाडी उल्हासनगरहून कमी माल घेऊन नियमाबाहेर निघते. मला हे पटायला वेळ लागला. काकांचं म्हणणं, गाडी भरताना आजची नाही, पहिला माल उतरल्यानंतरची गाडी डोळ्यांसमोर पाहिजे.

घरही त्यांनी तसंच लावलं होतं.

बदलापूरजवळच्या चामटोलीला त्यांचं दोन खोल्यांचं घर. काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं, वयानेही ते काकूंपेक्षा बरेच मोठे. त्यामुळे आधी कोण उतरणार याचं उत्तर त्यांनी ठरवून टाकलं होतं. काकूंना बँकेत नेऊन सही गिरवायला लावली. एटीएम शिकवलं. घर काकूंच्या नावावर, विजेचा मीटर काकूंच्या नावावर. मी एकदा जेवायला गेले तर जेवता जेवता त्यांची परीक्षा सुरू.

"गॅस संपला तर कुणाला फोन करायचा?"

"गॅसवाल्याला," काकू म्हणाल्या. "बघितलंस ना पोरी, माणूस पळायच्या तयारीत आहे. अहो, मला शिकवता ते पुरे, तुम्ही चहा करायला शिका आधी."

"मला कशाला? माझा स्टॉप पहिला."

काकू हसल्या आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. न विचारता.

त्या पावसाळ्याच्या शेवटी काकूंना ताप आला. साधा वाटला, साधा नव्हता. हॉस्पिटलमधून त्या परत आल्या नाहीत.

मी आईला घेऊन भेटायला गेले तेव्हा काका स्वयंपाकघरात उभे होते. फळीवर स्टीलचे डबे ओळीने, सगळे सारखे. दुसऱ्याने भरलेल्या गाडीकडे बघावं तसे ते त्या डब्यांकडे बघत होते. आईला चहा द्यायचा होता त्यांना, आणि साखरेचा डबा कुठला ते माहीत नव्हतं. एक उघडला, त्यात तूरडाळ. दुसऱ्यात मीठ. आईने एकही डबा न उघडता अचूक साखरेचा काढला, बायकांना कसं कळतं कोण जाणे. काका खाली बसले.

"फाळक्याजवळ होती गं ती, मला उचलून धरून," म्हणाले. "मला वाटायचं, मी ओढतोय."

त्यांची मुलगी नाशिकला. ती म्हणाली, बाबा, एकटे राहू नका, चला. डॉक्टरांचंही तेच म्हणणं. काकांची तयारी नव्हती. नाशिकशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. लेकीच्या घरात पडून राहायचं, तिने आणून द्यायचं आणि यांनी खायचं, याची धास्ती होती. "मला माल म्हणून जायचं नाही पोरी," एवढंच म्हणाले.

पुढे काही आठवडे गोदामात एक नवीनच प्रकार सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत काका हमालांना विचारू लागले. पीठ गरम पाण्यात मळायचं की गार? आलं आधी टाकायचं की नंतर? आयुष्यभर त्यांच्या शिव्या खाल्लेल्या लोकांनी ही संधी सोडली नाही. "काका, चहात टोटल बरोबर आहे, पण ॲक्सल चुकला, सगळं आलं खालीच बसलं!" ते मुकाट्याने ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन पुन्हा यायचे. पहिला चहा कुणालाच संपवता आला नाही. मग हळूहळू लोक पेला पुढे करायला लागले. एक दिवस चहा उरलाच नाही. त्या संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी सांगितलं, "लेकीला कळवलं. येतो म्हणालो."

निघायच्या रविवारी आम्ही चामटोलीला गेलो. सामान थोडंच, एक छोटा टेम्पो पुरला. गोदामातले हमाल सुट्टीच्या दिवशी, न बोलावता आले होते. काका भरायला पुढे झाले तर एकाने त्यांना खुर्चीत बसवलं. मग त्याने फाळक्यावर बोटांनी दोनदा टकटक केली आणि विचारलं, "बोला काका. आधी काय उतरणार?"

सगळे हसले. काका हसले नाहीत, विचार करत राहिले. मग उठून आत गेले आणि पातेलं घेऊन आले. पातेल्यात साखरेचा डबा, चहाचा डबा आणि गाळणी.

"हे," म्हणाले. "गेल्या गेल्या मी चहा टाकणार आहे."

ते कपाटाच्या खणात नीट बसलं असतं. पण त्यांनी स्वतःच्या हाताने ते सर्वात शेवटी, फाळक्याला टेकून ठेवलं, ताडपत्रीची दोरी त्याच्या कानातून ओवून घट्ट बांधली आणि केबिनमध्ये जाऊन बसले. मोरीपाशी टेम्पो वळला तेव्हा काका आम्हाला दिसत नव्हते. पातेलं दिसत होतं.