शराटीच्या पोटातला जंत

पाखराला आतून ओळखणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या मुर्रीत, माझ्या भिंतीला भिंत लावून राहायला आला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे हे सर. तळ्यावर बदकांचा थवा उतरला की बाकीचे लोक त्यांचे रंग पाहायचे, सर हळहळायचे, "काय गर्दी असेल हो यांच्या पोटात!" रानपाखरांच्या पोटातले जंत हा त्यांचा जीव की प्राण. जिवंत पाखराला मात्र बोट लावायचे नाहीत, मेलेलंच हवं. त्यांच्या हातांना कायम औषधाचा वास, म्हणून लग्नाच्या पंगतीत शेजारच्या जागा रिकाम्याच राहायच्या. सरांना वाटायचं, मास्तराला लोक मानाने ऐसपैस जागा देतात.

मी हातगाडीवर भाजी विकत विकत टेम्पोपर्यंत आलेला माणूस. पहाटे सडक अर्जुनीच्या हायवेवर ट्रकने उडवलेलं पाखरू दिसलं की सरांसाठी उचलायचो. एकदा गोरेगावच्या बाजारात फुलकोबीच्या ढिगातून घुबडाचा पाय बाहेर आला. गिऱ्हाईक बाई किंचाळली, "काऊन जी, हे बी किलोनंच देता काय?" त्या दिवशीची फुलकोबी गाईंनी खाल्ली. मी तणतणत घरी आलो, तर सर म्हणाले, "घुबड भिजलं तर नाही ना?"

मग मी आणलेल्या एका शराटीत, म्हणजे त्या वाकड्या चोचीच्या काळ्या पाखरात, सरांना कधीच न पाहिलेला जंत सापडला. निवृत्ती जवळ आली होती. एक तरी नवा जंत आपल्या हातून जगापुढे यावा, एवढीच त्यांची इच्छा. नव्या जंताला कोणाचंही नाव देता येतं हे कळताच मी सौद्याला बसलो. "शराटी माझी, टेम्पो माझा. नाव बी माझंच." सर कबूल झाले. माझी बायको पदर तोंडाला लावून हसली, "लोकं पोराले आपलं नाव लावतेत, तुम्ही जंताले लावून राहिले!"

पुढे जुनी पुस्तकं धुंडाळायला सर नागपूरला गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परतले. तो जंत फार पूर्वीच कोणीतरी नोंदवून ठेवला होता.

"कायले पाहिलं ते पुस्तक?" मी भडकलो. "कोणाले समजलं असतं?"

"मले समजलं ना, शेठ."

सर आता दूर, मुलीकडे राहतात. ठरलेला सौदा मोडला याचा राग मला अजून आहे. ते नागपूरहून परतले त्या दिवशी तर मी भांडायलाच त्यांच्या खोलीत शिरलो होतो, पण त्यांनी मला खांद्याला धरून सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. जंत मी तोवर नीट पाहिलाच नव्हता. काचेसारखं दुधी अंग, आणि डोक्यावर बारीक आकड्यांच्या रांगाच रांगा, कोणी विणून बसवल्यासारख्या.

"कसा आहे?" सरांनी विचारलं, पाहुण्यांपुढे मुलगी आणलेल्या बापाच्या आवाजात.

समोरच्याच्या मालाला चांगलं म्हणायचं नाही, यावरच मी धंदा उभा केला आहे. "लय चांगला हाये, सर," मी म्हणालो, आणि मग किती तरी वेळ आम्ही दोघं आळीपाळीने त्याच्याकडे पाहत बसलो.