नाव घालून दिलेला खेळ

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला मृत्युंजय इंजिनिअर झाला आणि पुठ्ठ्यावर खेळायचे खेळ काढू लागला. वडील चन्नप्पांचं चादरींचं दुकान. त्यांनी मुदत दिली: जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत खेळांवर पोट भरलं तर ठीक, नाहीतर गुपचूप दुकानात बसायचं.

त्याचा खेळ होता 'सात रस्ता'. फासे टाकत सोलापुरातून घरी पोचायचं. वाटेत आडव्या बसलेल्या म्हशीवर सोंगटी आली की एक डाव गेला. घाईत म्हशीचं एक शिंग काढायचं राहिलं होतं. जत्रेत त्यानं स्टॉल मांडला, तर चार स्टॉल सोडून हाच खेळ निम्म्या किमतीत. म्हशीला तिथंही एकच शिंग.

वकील म्हणाले, खेळायच्या रीतीवर मालकी सांगता येत नाही. चित्रावरून भांडता येईल, पण निकाल लागेपर्यंत म्हैस म्हातारी होईल.

ठरल्याप्रमाणे मृत्युंजय दुकानात बसला. त्याच आठवड्यात माढ्याचे अण्णाराव मुलीच्या लग्नातल्या आहेरासाठी चादरी घ्यायला आले. मोराची नक्षी पसंत करून त्यांनी त्यावर नवरा-नवरीची नावं विणून मागितली. ते गेल्यावर मृत्युंजयनं विचारलं, हाच मोर शेजारच्या दुकानातही आहे, त्याचा राग येत नाही का?

"मोर कुणाचा, कुणालाच ठाव न्हाय," चन्नप्पा घडी घालत म्हणाले. "आमी त्यांचा मोर घेतला, त्यांनी आमचं कमळ. गिऱ्हाईक परत येतंय ते नाव विणायला."

मृत्युंजय चप्पल शोधत अण्णारावांच्या मागं धावला. तुमच्या घराचाच खेळ करून देऊ का, म्हणाला. अण्णाराव खुलले. चहा होईपर्यंत त्यांनी कोण उशिरा येतं, कोण रुसतं, सगळं सांगून टाकलं. नव्या पटावर म्हशीच्या जागी मोठी आत्या चंद्रव्वा बसली.

लग्नात पट उलगडला तेव्हा मृत्युंजय मांडवाच्या दाराशीच उभा राहिला. आत्या खरंच रुसली असती तर पहिली ऑर्डर हीच शेवटची. चंद्रव्वांनी चष्मा लावला, आपल्या चित्रावर बोट ठेवलं.

"एकच डाव?" त्या म्हणाल्या. "मी रुसले तर दोन तरी थांबाया लागतंय."

आता 'सात रस्ता' तो मोबाईलवर फुकट पाठवतो, कुणीही छापावा. खेळून झालं की लोक आपल्या घराचा पट करून घ्यायला येतात. नक्कलवालाही गिऱ्हाइकं पाठवतो. कुणाची आत्या रुसते, हे त्याला कुठून कळणार?

पोरगा शेवटी दुकानातच बसला, असं चन्नप्पा सगळ्यांना सांगतात. ते खोटंही नाही. चादरींच्या गठ्ठ्याला टेकून तो येणाऱ्याला विचारत असतो, तुमच्यात कोण रुसतं?