चौदा नंबरची पट्टी

श्रावणातला गुरुवार. रविवारी घरात कानबाई, आमच्या गावाकडची देवी, बसायची होती, म्हणून मांडणीवरचे डबे खाली उतरवून मी स्टुलावर उभी राहून फळ्या पुसत होते. गॅसवर डब्याची भाजी, नळाला पाणी यायची वेळ, आणि आतल्या खोलीत मयुरी मेंडोलिन घेऊन बसलेली. मयुरी माझी मुलगी, आठवीत आहे. सोमवारी कानबाईच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत ती पहिल्यांदा चारचौघांत वाजवणार होती. तेवढ्यात दार वाजलं.

दारात निंबा आप्पा. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. अंगात वॉचमनचा निळा शर्ट, रात्रपाळीहून आत्ताच आलेले. मला वाटलं, झालं, आली तक्रार. रात्रभर जागून आलेल्या माणसाच्या डोक्यावर कोणी रोज सकाळी टिंगटिंग करत बसलं, तर तो तरी किती दिवस गप्प बसेल?

"बंद करायला सांगते तिला, आप्पा," मी आधीच म्हणून टाकलं.

"बंद कसाले? नीट करा ना," ते म्हणाले. "पंधरा दिन त्यामा टकटक वाजे. मंगळवारपाईन टकटक गई, पन गळा बसी गया. काय करं तुम्ही त्याले?"

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं. कारण झालं होतं अगदी तसंच. मयुरी ताकदीनं वाजवते. तिच्या हातातलं पिक, म्हणजे तार छेडायची चकती, तारेवरून घसरून खालच्या लाकडावर आपटायचं. पॉलिश उडून नखाएवढा पांढरा डाग पडला होता. वाल्मिक सरांनी, म्हणजे उधन्यात तिला मेंडोलिन शिकवणाऱ्या सरांनी, बजावलं होतं, की ही वरची फळी पापडासारखी पातळ असते, तिला पिकगार्ड, म्हणजे पिकचे फटके झेलणारी पट्टी, बसवा, नाहीतर भोक पडेल. मयुरीच्या पप्पांनी मोबाईलवरून एक मागवलं. काळं, चकचकीत. आलं ते गिटारचं. मग पप्पांनी, म्हणजे आमच्या गजेंद्र पाटलांनी, कात्री घेतली, कापलं, मागचा कागद सोलला आणि अख्खंच्या अख्खं फळीवर चिकटवून टाकलं. लाकूड वाचलं, पण आवाज असा झाला, की कोणी नाक धरून गातंय. सरांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "सोमवारी हे घेऊन येऊ नकोस गं बाई. दुरुस्त नाही झालं, तर तुझ्या जागी दुसरं कोणीतरी वाजवेल." दोन दिवस पोर नीट जेवली नव्हती. ओढून काढावं तर सोबत लाकडाचा पापुद्रा येईल, या भीतीनं आम्ही कोणी हात लावत नव्हतो.

हे सगळं आप्पांना सांगितलं. त्यांनी मेंडोलिन मांडीवर घेतलं, उजेडात आडवं धरून पाहिलं. मयुरी माझ्या कानाशी लागली, "मम्मी, वॉचमन काका को क्या पता इसमें?"

हळू बोलली, पण त्यांना ऐकू गेलं. ज्या माणसाला छतातून टकटक ऐकू येते, त्याला हे जाणार नाही का? त्यांनी शर्टाची बाही, जिच्यावर सिक्युरिटी कंपनीचा बिल्ला शिवलेला आहे, ती दुमडून वर सारली.

मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. पण चूक एकट्या तिची नव्हती. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना वॉचमन काकाच म्हणतात. कोणी तशी हाक मारली की आप्पा थांबतात, तोंडातल्या तोंडात "जॉबर" असं म्हणतात आणि मग ओ देतात. शिरपूरकडून विशीत आलेला हा माणूस तीस वर्षं लिंबायतच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात होता. जॉबर म्हणजे बंद पडलेलं मशीन चालू करून देणारा. बत्तीस लूम एकाच वेळी धडधडत असताना आप्पा दारात उभे राहून कान द्यायचे आणि सरळ नेमक्या आजारी मशीनपाशी जायचे. चार वर्षांपूर्वी मालकानं पाण्यावर चालणारी नवी मशीनं आणली. जुने लूम भंगारात गेले आणि आप्पा एका अपार्टमेंटच्या गेटवर.

"उज्ज्वला, नायलॉनना दोरा शे का?" त्यांनी मला विचारलं.

आमच्या गल्लीत घरोघरी साड्यांचं काम; भाकरी मिळणार नाही एक वेळ, पण दोरा मिळेल. त्यांनी तव्यावर फडकं गरम करायला लावलं, ते पिकगार्डवर ठेवून जरा शेकलं आणि दोरा दोन्ही हातांत ताणून कडेखाली सरकवला. साबणाची वडी कापावी तसा तो पुढे-मागे, पुढे-मागे. अर्ध्या तासानं ते काळं गिटारचं पिल्लू सुटून हातात आलं. चिकटपणा खोबरेल तेलाच्या बोटानं काढला. फळी शाबूत! मयुरीनं लगेच तिच्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"आता दुसरं पाहिजे," आप्पा म्हणाले. "उद्या खाली या."

शुक्रवारी शाळेतून आल्यावर मयुरीला घेऊन मी खाली गेले. सुंदराकाकूंनी, आप्पांच्या बायकोनं, चहा टाकला होता. त्या मला म्हणाल्या, "घरमा पंखा तीन महिनापाईन खडखड करस, तो यासले ऐकू येत नही. वरना मजलाना आवाज बराबर ऐकू येस!"

आप्पांनी पलंगाखालून एक गोणपाट ओढलं आणि जमिनीवर दुकान मांडलं. एक्स-रेची फिल्म, जुन्या स्विचबोर्डचा तुकडा, पाट्या बनवणाऱ्याकडून आणलेलं लाल ॲक्रेलिक. मयुरीचे डोळे लगेच लालवर.

"डोया मिची ले," आप्पांनी फर्मान सोडलं. त्यांनी एकेक तुकडा टेबलाच्या कडेला धरला आणि तिला त्यावर पिक मारायला लावलं. फिल्म वाकली. स्विचबोर्डचा तुकडा जड, शिवाय कोपऱ्यात तडकलेला. ॲक्रेलिकवर पिक पडलं की पुन्हा तीच टकटक. चौथ्या तुकड्यावर पिक नुसतं सरकलं. आवाजच नाही.

मयुरीनं डोळे उघडले. मातकट रंगाची, चार बोटं रुंद पट्टी होती. "अरे यार! हे तर एकदम बोरिंग आहे."

"तुले वाजाडनं शे का मिरावनं शे?"

काकू पदरात हसल्या. मयुरीही हसली, मंगळवारनंतर पहिल्यांदाच.

ती पट्टी चौदा नंबरच्या लूमची होती. आडवा धागा नेणारं शटल ज्या फळीवरून इकडून तिकडे धावतं, तिच्यावर बसवलेली. मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या, वर्षानुवर्षं. आरशासारखी गुळगुळीत झालेली. लूम भंगारात गेले तेव्हा आप्पांनी तेवढीच काढून आणली होती. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. काकू म्हणाल्या, "चार सालमा कोनले हात लावू दिधा नही तिले." आणि आप्पांनी माझ्यासमोर ती करवतीनं कापली.

शनिवारी आमच्या ओट्याशी बसवायचं काम चाललं. आप्पांचं म्हणणं होतं, की फळीला चिकटवायचंच नाही. जिथं कंप आहे तिथं काही टेकवलं की यंत्र मरतं. पट्टीचं एक टोक दांडीच्या जाड कडेला स्क्रूनं धरायचं, दुसरं बाहेरच्या काठावर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तुकड्यावर टेकवायचं, मधे सगळं अधांतरी. मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "बरोबर सांगतायत ते. पण भोक दांडीलाच, फळीला नाही. कोण आहेत हे?"

मी उत्तर द्यायच्या आत आप्पांनी गिरमिट उचललं आणि माझं लक्ष तिकडे गेलं. हातात मुलीचं वाद्य, त्यात लोखंडाचं टोक, हात साठीच्या माणसाचा. मयुरीनं तोंड फिरवलं. आप्पांनी तीनदा फिरवलं, भुसा फुंकला, पुन्हा दोनदा. मोहरीएवढं भोक, काठ जराही न फुटता.

पट्टी बसली. मग त्यांनी माझ्याकडून साडीचा धागा मागितला आणि तो पट्टीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेला. मधे अडकला. पट्टी काढली, कानस मारली, बसवली. पुन्हा अडकला, आता अगदी कडेला. भाजी करपल्याचा वास आला तरी मी उठले नाही. तिसऱ्या वेळी धागा असा निघाला, जसा लोण्यातून केस.

"वाजाड," म्हणाले आणि उठून चक्क दाराकडे निघाले.

"अहो आप्पा, ऐका तरी!"

"मशीनजोडे उभं ऱ्हाईसन मशीन समजत नही. मी खाले जास."

ते जिना उतरले. मयुरीनं मिरवणुकीतली चाल वाजवली, आधी घाबरत, मग नेहमीच्या ताकदीनं. आठही तारा घरभर मोकळ्या झाल्या. जमिनीवरचे स्टीलचे डबे बारीक झणझणायला लागले. माझ्या पोरीचा हात इतका चांगला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पट्टीवर पिक सरकत होतं आणि त्याचा आवाज म्हणून नव्हता.

चाल संपली. आम्ही दोघी वाट बघत बसलो, निकाल लागायचा असल्यासारख्या. जिन्यात पावलं वाजली, दारावर थाप पडली.

"टकटक नही," आप्पा म्हणाले. "गळा मोकळा." त्यांचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

मयुरी उठून त्यांच्या पाया पडली. "काका, तुम्हाला काय देऊ?"

"काही नको, बेटा. एकच काम कर. सोमवारी कोनी इचारं, ही पट्टी कोनी बसाडी, त वॉचमन काकानी असं सांगू नको. निंबा जॉबरनी बसाडी, असं सांग."