मिकाएलच्या दिवशी पडलेल्या पेंढ्या

आदल्या दिवशी संध्याकाळी सावडीने कापणीला आलेली माणसं म्हणाली होती, "मुलातकाका, अजून उजेड आहे. गंजी रचूनच जातो."

मुलात नको म्हणाला. तेफ हे खसखशीसारख्या बारीक दाण्याचं धान्य; त्याच्या काडीत थोडी ओल होती. ओल्या पेंढ्या रचल्या की गंजी आतून तापते आणि दाणा काळा पडतो. शिवाय महिना हिदारचा, पावसाळा सरल्यानंतरचा. गोज्जममध्ये या महिन्यात आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख असतं, निदान असायचं. "परवा रचू," तो म्हणाला. "उद्या मिकाएल देवदूताचा सण. पेंढ्यांनाही सुट्टी."

माणसं हसली आणि विळे खांद्याला लावून घरी गेली. अख्खं रान कापून जमिनीवर आडवं पडलं होतं.

सकाळी चर्चमधून परतताना डोंगरामागे ढग दिसला. मुलातने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. ढगच होता, आणि पोटात काळा होता.

मिकाएलच्या दिवशी शेतात कुणी पाऊल टाकत नाही. टाकलंच तर गारा पडतात, आणि गारा बांध ओळखत नाहीत. पाप एकाचं असतं, पीक साऱ्या गावाचं जातं. त्यातून या वेळची मिकाएलची पंगत मुलातच्याच घरी होती. बारा घरांत फिरत फिरत पाळी आली होती. यजमानाने पाहुणे सोडून कुठे जायचं?

अडुसष्ट वर्षांच्या मुलातने यंदा मनाशी एक पैज लावली होती. खत इतकं महागलं होतं की पूर्वीच्या एका गोणीच्या पैशात आता पाव गोणीही येत नव्हती. पाऊस जुलैत दडी मारायचा आणि नको तेव्हा उगवायचा. मुलगा बाहिर दार शहरात रिक्षा चालवत होता आणि दर फोनला म्हणत होता, "आबा, पुरे आता. या इकडे." तेव्हा मुलातने ठरवलं, या तेफाने कणगी भरली तर पुढच्या वर्षीही नांगर आपलाच. नाही भरली तर बैल विकायचे, रान शेजारच्या बितेवला निम्म्या वाट्यानं द्यायचं आणि मुलाच्या एका खोलीत जाऊन बसायचं. बितेवने दोनदा विचारलंही होतं.

दुपारी घर भरलं. येशारेगने, त्याच्या बायकोने, इंजेराच्या, तेफाच्या आंबवलेल्या भाकरीच्या, टोपल्या मांडल्या. अब्बा झेलेके या म्हाताऱ्या पाद्र्यांनी भाकरी मोडून आशीर्वाद दिला. मुलात सुरई घेऊन प्रत्येकाच्या पेल्यात घरची जवाची बिअर ओतत होता.

"काका, सारखं दाराकडे काय बघता?" बितेव म्हणाला. "पाहुणे सगळे आलेत."

"एक यायचाय अजून," कोपऱ्यातून कुणी म्हणालं, आणि त्याच वेळी ढग गडगडला. हसू जागच्या जागी थांबलं.

मुलात अब्बांपुढे जाऊन उभा राहिला. "अब्बा, कापणी नाही करायची. ती कालच झाली, काडीही आता बरीच सुकलीय. नुसतं उचलून ठेवायचं."

अब्बांनी दाढी कुरवाळली. "आजारी माणसाला पाणी पाजायचं तर कुणी वार बघत नाही."

"पेंढी आजारी नाही, अब्बा," बितेव म्हणाला. "माझा हरभरा आत्ता फुलावर आहे. गारा आल्या तर एका घटकेत झोपेल. तो कोण उभा करणार?"

"गारांचं तुला कसं कळलं?" मुलातने विचारलं.

"गेल्या वेळी कळलं नव्हतं, म्हणून तर सांगतोय. माझ्या बापाचा हरभरा असाच गेला. कुणीतरी सणाच्या दिवशी मळणी काढली होती."

अब्बांनी हातातला पेला खाली ठेवला. "हो म्हणायला माझी जीभ रेटत नाही, मुलात. नाही म्हणायलाही रेटत नाही."

म्हणजे ओझं पुन्हा मुलातच्याच डोक्यावर. बितेवला या रानाची आस आहे, म्हणून तो अडवतोय, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच हेही आलं, की हरभराही खराच आहे.

पुन्हा गडगडलं. मुलातने सुरई बितेवच्या मांडीवर ठेवली.

"आज तू वाढ," तो म्हणाला. "निम्म्या वाट्यानं घर कसं चालवायचं ते बघून घे."

कुणी हसलं नाही.

तो रानात पोचला तेव्हा वारा सुटला होता. त्याने पाच पेंढ्या कवेत घेतल्या. पूर्वी दहा घ्यायचा. तिसऱ्या खेपेला कमरेत कळ आली आणि तो गुडघ्यावर बसला. वर पाहिलं तर येशारेग सणाची पांढरी शाल कमरेला गुंडाळून येत होती.

"तू कशाला आलीस?"

"गारा पडल्या तर तुमचं एकट्याचं नाव होऊ नये म्हणून," ती म्हणाली. "सरका. तुम्ही रचा, मी आणते. रचणं मला येत नाही."

ते खरं होतं. तेफाची गंजी गोल रचावी लागते. कणसं आत, बुडखे बाहेर, आणि प्रत्येक थर जरासा बाहेर उतरता, म्हणजे पाणी आत न मुरता घसरून जातं. त्यातली एक पेंढी उलटी पडली तरी अख्खी गंजी सडते. मुलातच्या हाताला विचार करावा लागत नव्हता. येशारेग पाठीवर ओझं आणत होती, टाकत होती, परतत होती.

थोड्या वेळाने बांधावर माणसं आली. हातात पेले तसेच. कुणी रानात उतरलं नाही आणि कुणी परत जा म्हणालं नाही. बितेव सगळ्यांत पुढे होता. तो मुलातकडे बघतच नव्हता; तो आभाळाकडे बघत होता.

पहिला टपका गंजीवर ताडकन आदळला. बांधावरची सगळी माणसं दचकली. मुलातने तळहात पुढे केला. दुसरा टपका हातावर पडला. त्याने बोटं मिटून उघडली.

"पाणी आहे," तो बितेवकडे पाहून म्हणाला.

पाऊस धो धो आला, पण पाऊसच आला. माणसं घराकडे पळाली. दोघांनी गंजीचा शेंडा काडाने शाकारला. तिसरा हिस्सा अजून जमिनीवर होता, तो डोळ्यांदेखत काळवंडला.

घरात सगळे चुलीभोवती अंग सुकवत बसले होते. निथळत आत आलेल्या मुलातला बितेवने जागा करून दिली.

"गारा पडल्या असत्या," बितेव हळू आवाजात म्हणाला, "तर या घरचं पाणी मी पुन्हा प्यालो नसतो."

"ठाऊक आहे."

"किती राहिलं रानात?"

"तिसरा हिस्सा."

मुलात चुलीकडे बघत बसला. कणगी भरणार नव्हती आणि रिकामीही राहणार नव्हती. पैजेने काहीच ठरवलं नव्हतं. कमरेची कळ गेली नव्हती, आणि गंजी मात्र सरळ उभी होती.

"पुढच्या वर्षी नांगर तू धर," तो म्हणाला. "माझ्याच्याने आता होत नाही. पण बैल माझ्या गोठ्यात राहतील. बी माझ्या हाताने पडेल, गंजी मी रचीन. मी बाहिर दारला जात नाही."

"आणि खत?"

"निम्मं निम्मं."

"आणि सणाच्या दिवशी रानात पाय टाकायचा नाही."

"तेवढं कबूल नाही करत मी."

बितेवने मान खाली घातली.

"आणि मला कुणी विचारणार आहे का?" चुलीपाशी शाल पिळत येशारेग म्हणाली. "पेंढ्या मी वाहिल्यात."

"तू सांग," मुलात म्हणाला.

"बितेवच्या बायकोनेही वाहायच्या. मी एकटी नाही वाहणार."

आता कुठे एकदोघे हसले. बितेव हसला नाही. त्याने दाराबाहेर बघितलं, पावसाचा अंदाज घेतला.

"भिजलेल्या पेंढ्या तशाच पडून राहिल्या तर मोड येतील," तो म्हणाला. "सकाळी सण सरला की आम्ही दोघं नवराबायको येतो. पालथ्या करून ठेवू."