फॉर्मवाल्या मावशींचा नवा ब्राउझर

लोकांचे अर्ज भरून देण्यात फॉर्मवाल्या मावशींची उभी हयात गेली. दुकानात संगणक एकच, आणि त्याचा पडदा नेहमी गिऱ्हाइकाकडे वळवलेला. काही चुकलं तर तिथल्या तिथे कळावं म्हणून. स्वतः मावशी मान वाकडी करून टाइप करायच्या. आडनावाची दोन अक्षरं टाइप केली की ब्राउझर जुनी नावं, पत्ते भराभर पुढे करायचा, आणि मावशींना त्याचा कोण तोरा!

भाची कितीदा म्हणाली, "मावशी, खिडकी बंद केली की सगळं पुसून टाकणारा ब्राउझर घे. लोकांच्या घरचं असं उघड्यावर मांडू नये."

"तुझं आपलं काहीतरीच. इथे कोण चोर येतोय?"

चोर आलाच नाही. एका सकाळी एक नीटनेटका, मवाळ बोलणारा माणूस नोकरीचा अर्ज भरायला आला. मावशींनी आडनावाला सुरुवात केली आणि खाली एका बाईचं नाव उघडलं, नव्या खोलीच्या पत्त्यासकट. मागच्याच आठवड्यात ती लेकीच्या शाळेचा अर्ज भरून गेली होती. नवरा मारतो, त्याला पत्ता कळता कामा नये, असं मावशींचा हात धरून सांगून गेली होती.  मावशींनी घाईघाईने पडदा वळवला.

"राहू द्या," तो म्हणाला. "वाचलं मी." अर्ज तसाच टाकून तो निघून गेला.

मावशींनी लगेच त्या बाईला फोन लावला. "लेकीला घे आणि आत्ताच्या आत्ता बाहेर पड. माझ्यामुळे त्याला पत्ता कळलाय."

पलीकडून फोन बंद झाला.

पुढचे चार दिवस मावशींना अन्न गोड लागलं नाही. भाचीला बोलावून त्यांनी ब्राउझर बदलून घेतला. आता एक अर्ज संपला की त्याची पाटी कोरी. प्रत्येक पत्ता पहिल्यापासून टाइप करावा लागे, रांगेतली माणसं कुरकुरत, आणि एरवी कुणाचं ऐकून न घेणाऱ्या मावशी मुकाट्याने ऐकून घेत.

पाचव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. "आम्ही दोघी सुखरूप आहोत, मावशी."

मावशींचा जीव भांड्यात पडला. सवयीने हात कीबोर्डवर गेला. "कुठे आहेस गं आता?"

"ते तुम्हाला नको सांगायला."

मावशींचे डोळे भरून आले. "नकोच सांगूस," त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी तो नंबरही पुसून टाकला.