खालचा दोर आधी सोडव

रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. ‘मॅडम, मी काही केलं नाही, आपोआप डिलीट झालं’ असं कोणी म्हणालं की मी सरळ सांगते, आपोआप काही होत नसतं, कोणीतरी बटण दाबलेलं असतं. भुताखेतांबद्दलही माझं मत हेच. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी कितीदा तरी हसलेय. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय…

नवरा जहाजावर असतो, म्हणून मी माहेरी, पूर्णगडला आईजवळ राहते. बाबा तांडेल होते, होडी त्यांच्या हुकमावर चालायची. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. शेवटी शेवटी त्यांना सगळं सांगून ठेवायची ओढ लागली होती. खाडीच्या तोंडाशी वाळू कुठे सरकते, कुठल्या वाऱ्याला होडी बाहेर काढायची नाही, गाणी… शिव्यासुद्धा! जुन्या टेपरेकॉर्डरवर बावीस कॅसेट भरल्या. मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. पुढे कॅसेटना बुरशी लागली आणि फेकून द्याव्या लागल्या.

ते सगळं आमच्या होम सर्व्हरवर होतं. सर्व्हर म्हणजे काय, माजघरात कायम चालू असलेला जुना डेस्कटॉप. आत एकसारख्या दोन डिस्क, एकीखाली एक. वरचीवर विंडोज, खालचीवर आमचे फोटो आणि बाबांचा आवाज. त्या विंडोजचे अपडेट बंद झाले होते, म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी ते काढून लिनक्स टाकायला बसले.

घाई केली नव्हती. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतला, दोन्हीकडच्या फाइली मोजल्या, आकडा जुळला. चार-पाच फोटो उघडून पाहिले. एकच गोष्ट टाळली… इन्स्टॉल करण्याआधी डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवायची असते. पण खाऱ्या हवेने कॅबिनेटचे स्क्रू गंजले होते, एक तर हलेचना. म्हटलं जाऊ दे, स्क्रीनवर निवडताना नीट बघू.

तीनच्या सुमारास इन्स्टॉलरने दोन्ही डिस्क त्यांच्या नंबरांसकट दाखवल्या. आकार सारखाच. विंडोजमध्ये पहिली ती इथेही पहिलीच, असं धरून मी पहिली निवडली. सवयीने मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला. ‘या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल’ अशी सूचना आली. बोट माऊसवर होतं—

“वैशू, गणपा येऊन गेला गो,” पडवीतून आई आत आली.

गणपाकाका म्हणजे बाबांच्या होडीवरचे खलाशी. तीस वर्षं दोघं एकत्र. आता खाडीपलीकडे राहतात, गाठ क्वचितच पडते.

“मग आत नाही बोलावलंस?” माझी नजर स्क्रीनवरच.

“बोलवलं. पायरीवरनंच फिरला. म्हणाला, वैशूला सांगा, खालचा दोर आधी सोडव, मग हात लाव.”

“कसला दोर?”

“मला काय ठाव? म्हटलं, होडी तर कधीच विकली रे. तर म्हणतो, तिला कळेल.”

खालचा दोर… माझ्या डोळ्यांसमोर खालच्या डिस्कची केबल आली. डिस्क, केबल असले शब्दही आईला माहीत नाहीत.

मी माऊसवरचा हात काढला. मशीन बंद केलं. स्क्रूवर खोबरेल तेल सोडलं, पक्कडीने पिळला, बोट कापलं, पण शेवटी झाकण निघालं. खालच्या डिस्कच्या केबल काढल्या आणि तिच्या स्टिकरवरचा नंबर मोबाइलमधल्या फोटोशी ताडून पाहिला.

तोच नंबर. पुसायला मी निवडलेली डिस्क खालची होती.

यात गूढ काही नाही. डिस्कचा क्रम बदलू शकतो, हे मीच वर्गात शिकवते. आणि बॅकअप होताच की… मनाची समजूत घालायला बाहेरची डिस्क लॅपटॉपला लावली. बाबांचा फोल्डर उघडला. बावीस फाइली, नावं बरोबर. पण एकही वाजेना. आकार—शून्य. मी फाइली मोजल्या होत्या, त्यांचा आकार बघितलाच नव्हता.

म्हणजे बाबांचा आवाज आता फक्त खालच्या डिस्कवर उरला होता. मग खालच्या डिस्कवरून नव्याने कॉपी केली, प्रत्येक फाइल थोडी थोडी वाजवून पाहिली आणि मगच एकट्या वरच्या डिस्कवर लिनक्स टाकलं. सहापर्यंत सर्व्हर सुरू झाला. गणपाकाकांना भेटायला म्हणून बाहेर पडले, तर समोरच्या अंगणात सुलभावहिनी आमसुलं गोळा करत होत्या.

“वहिनी, गणपाकाका कुठल्या बाजूला गेले?”

“गणपा? तो महिन्यापासनं मुंबईला लेकीकडं हाय. पडला ना तो, कमरेचं हाड मोडलं.”

“दुपारी आमच्याकडे येऊन गेले…”

“कोण नाय आलं गो. मी जेवल्यापासनं इथंच बसलंय.”

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दुसरं कोणी असेल, असं मी धरून चालले. आईला तसं म्हटलं तर ती चिडली. “डोळे गेले, कान नाय गेले माझे! गणपाचा आवाज मी वळखत नाय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना फोन लावला. लेकीने तो त्यांच्या कानाशी धरला.

“काका, काल तुम्ही पूर्णगडला आला होतात?” एवढंच विचारलं.

“मी कसा येणार गो? कूस पण बदलता येत नाय.” आवाज पार खोल गेलेला.

तब्येतीचं विचारलं, आईने विचारलंय म्हणून सांगितलं. फोन ठेवणार, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, “सोडवलास ना पण?”

“काय काका?”

मग लेकीने फोन घेतला. “गोळ्यांची गुंगी असते, ताई. काहीही बोलतात.”

दोराचा मी त्यांच्याजवळ एक शब्दही काढला नव्हता. सुलभावहिनींनाही सांगितलं नव्हतं. आईला पुन्हा पुन्हा विचारलं, तिनेही कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्या बाजूंनी विचार करून झाला, उत्तर सापडलेलं नाही. काकांना परत फोन करून नीट विचारावं असं रोज वाटतं… पण नंबर लावायला धीर होत नाही.