परत घेण्याचा शब्द

किनाऱ्यावरच्या नवापूरची ती मासळीवाली पाटी घेऊन आमच्या बोईसरच्या कॉलनीत यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे मावशीच म्हणायचे. पाटी उतरवली की आधी घरची चौकशी व्हायची. आईचा गुडघा कसा हाय, पोरीचा ताप उतरला का. मासळीचं बोलणं सगळ्यात शेवटी. पापलेट शिळं निघालं, तर दुसऱ्या दिवशी ती वाद न घालता परत घ्यायची.

मी कारखान्यात कामगारांच्या भरतीचं बघायचो, हे तिला ठाऊक होतं. तरी वर्षभर तिने तो विषय काढला नाही. मग एके दिवशी गावातल्या एका तरुण खलाशाला सोबत घेऊन आली.

"नाय चालला तर सांगा, दादा. मासा परत घेते, तसा मानूस बी परत नेईन."

तो चांगलाच चालला. मग तिने दुसरा आणला, तिसरा आणला. पुढे शेजारच्या कारखान्यांतले साहेबही निव्वळ तिच्या शब्दावर माणसं घ्यायला लागले.

ती शेवटची आली, तेव्हा पाटीत बर्फातली मऊ पडलेली पापलेटं होती. मी सवयीने एकाचा कल्ला उचलून ताजेपणा पाहिला. ती खाली मान घालून बसली होती.

"बाजारातनं इकत घेतलीत, दादा. आमची व्हडी वाळूतच पडून हाय. दर्यावर न्यायला कोन नाय."

"आणि गावातली ती सगळी पोरं?"

"तुमच्याकडंच हायत की." पाटी तिने एकटीनेच डोक्यावर चढवली. "तुमी एक बी परत केला नाय."